पैसा गेला आफ्रिकेला

आपल्या किनाऱ्यावरून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे शेकडो वर्षे गलबते जात होती. त्यांतून कापड गेले, धान्य गेले, माणसे गेली, आणि माणसांच्या तोंडून शब्दही गेले. केनियात स्वाहिली भाषा बोलतात. तिच्यात दुकानाला 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा' आणि बँकेच्या चेकाला चक्क 'हुंडी'! पण या सगळ्यांत थाटाने मिरवतो आहे तो आपला पैसा. तिकडे तो 'पेसा' झाला आहे. १९२० सालापर्यंत तिथे इंग्रजी अमलात हिंदुस्थानचाच रुपया चालत असे. पुढे रुपया गेला, शिलिंग आला. पण रुपयाचे हे धाकटे भावंड भाषेत ठाण मांडून बसले ते बसलेच. आज केनियात जिच्यावाचून कोणाचे पान हलत नाही त्या सोयीचे नाव 'एम-पेसा' असे आहे. एम म्हणजे मोबाईल, आणि पेसा म्हणजे तुमचा-आमचा पैसा.

माझा भाचा नैरोबीला नोकरी करतो. पार्कलँड्स नावाच्या वस्तीत त्याचे बिऱ्हाड आहे. या वस्तीत गुजराती पाट्या इतक्या की, आपण विमानाने साडेचार हजार किलोमीटर उडून पुन्हा घाटकोपरलाच उतरलो की काय, अशी शंका यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचेसुनेबरोबर भाजी आणायला निघालो. रस्त्याच्या कडेला लाकडी फळीवर टोमॅटोचे छोटे छोटे मनोरे रचून एक बाई बसली होती. भाचेसून मला म्हणाली, "मामा, पिशवी इकडे द्या." ते ऐकून भाजीवाली पदर तोंडाला लावावा तशी हात तोंडावर धरून हसू लागली. मौज अशी की, स्वाहिलीत 'मामा' म्हणजे आई किंवा बाई, आणि भाजीवालीला तर 'मामा म्बोगा' असेच म्हणतात. म्हणजे तिच्या लेखी दोन मामा समोरासमोर उभ्या होत्या, आणि त्यांतल्या एकीला मिशा होत्या!

तिच्याकडे 'सुकुमा विकी' नावाची पालेभाजी होती. या शब्दाचा अर्थ 'आठवडा ढकल'. महिनाअखेर हात आखडला की, हीच भाजी खाऊन लोक दिवस काढतात. भाजीला इतके प्रांजळ नाव ठेवणाऱ्या लोकांविषयी माझे मत तत्काळ चांगले झाले. भाचेसुनेने दोन जुड्या घेतल्या, फळीवर रंगाने लिहिलेला एक आकडा पाहून फोनची बटणे दाबली, आणि भाजीवालीच्या कमरेचा जुनाट फोन टुणकन वाजला. व्यवहार संपला.

आता वाचक म्हणतील, यात नवल ते काय? आमच्या कोपऱ्यावरचा शहाळेवालासुद्धा चौकोनी ठिपक्यांची पाटी लटकावून बसतो. खरे आहे. पण आपल्याकडे ते यू.पी.आय. २०१६ साली आले. केनियातली ही भाजीवाली २००७ पासून हे करते आहे. आणि तेही साध्या, बटणांच्या, दोन-दोन दिवस बॅटरी पुरवणाऱ्या फोनवर. तेव्हा त्या देशात दर पाच प्रौढांतल्या जेमतेम एकाचे बँकेत खाते होते. म्हणजे बँक दारी येण्याआधी पैसा खिशात आला. हे कसे झाले ती हकीकत मोठी रंजक आहे.

केनियातला कमावता पुरुष नैरोबीत किंवा मोंबासात, आणि बायको-पोरे, म्हातारी आई गावाकडच्या शेतावर, हा संसाराचा जुनाच नकाशा. कोकणातल्या वाचकांना तो वेगळा समजावून सांगायला नको. आपला गिरणीकामगार परळच्या खोलीतून मनिऑर्डर करी आणि रत्नागिरीकडे पोस्टमनची वाट पाहिली जाई. (१८८० साली सुरू झालेली ती जुन्या पद्धतीची मनिऑर्डर आपल्या टपालखात्याने २०१५ साली थांबवली.) नैरोबीचा माणूस पाकिटात नोटा घालून ते बसच्या ड्रायव्हरच्या हाती देई. ड्रायव्हर भला असला आणि वाटेत चोर भेटला नाही, तर पाकीट पोहोचे.

२००५ च्या ऑक्टोबरात एका इंग्रज टेलिफोन कंपनीच्या निक ह्यूज आणि सूझी लोनी या दोघांनी नैरोबी आणि थिका इथे एक छोटा प्रयोग सुरू केला. ब्रिटिश सरकारच्या विकासखात्याने त्याला दहा लाख पौंडांच्या आतबाहेर मदत दिली आणि कंपनीने तेवढीच भर घातली. पण हेतू अगदी निराळा होता. बचतगटांच्या बायका छोटी कर्जे घेत. त्यांचे हप्ते त्यांनी फोनवरून फेडावेत, एवढीच कल्पना. पाचशेच्या आसपास माणसांना फोन दिले आणि कसे वापरायचे ते शिकवले. लोकांनी मात्र हप्त्याचा नाद सोडून भलतेच उद्योग मांडले! कोणी थिकाला निघताना नैरोबीत पैसे भरी आणि तिथे उतरल्यावर काढून घेई, म्हणजे वाटेत खिसा कापला तरी चिंता नको. कोणी दुकानाचा गल्ला रात्रीपुरता फोनात ठेवी. कोणी दुसऱ्याचा हप्ता भरून त्याच्याकडून काम करून घेई. शहाण्या माणसांनी कागदावर आखलेली योजना गरीब माणसांनी आपल्या अकलेने बदलून टाकली. आणि कौतुक असे की, त्या दोघांनी हट्ट न धरता लोकांचे ऐकले. हप्त्याची भानगड काढून टाकून ६ मार्च २००७ रोजी सफारीकॉम या तिथल्या टेलिफोन कंपनीने, जिच्यात केनिया सरकारचाच मोठा हिस्सा होता, एम-पेसा सुरू केले ते एकाच वाक्यावर: घरी पैसे पाठवा. वर्ष संपायच्या आत दहा लाखांवर गिऱ्हाईक झाले.

याची कळ आहे ती कोपऱ्याकोपऱ्यावरच्या एजंटांत. हिरव्या रंगाची टपरी, जाळीमागे बसलेली एखादी मुलगी, पुढ्यात दोन फोन. तुम्ही तिला हजार शिलिंगांच्या नोटा द्याव्यात. ती तुमचे ओळखपत्र पाहून आपल्या फोनातले हजार तुमच्या फोनात घालते. गावाकडे तुमच्या आईने तिथल्या टपरीवर आकडे सांगावेत आणि नोटा घ्याव्यात. पाठवताना व काढताना थोडे शुल्क पडते, भरताना नाही. आणि लोकांचा हा जितका पैसा फोनांत फिरतो, तितका खराखुरा पैसा बँकेत विश्वस्त खात्यात अलग ठेवलेला असतो. कंपनीला त्याला हात लावता येत नाही. २००८ च्या अखेरीस याविषयी कुजबुज वाढली, तेव्हा अर्थमंत्र्यांनी मध्यवर्ती बँकेकडून तपासणी करवली. जानेवारी २००९ मध्ये सगळे ठीक असल्याचा निर्वाळा मिळाला.

हे सारे भाच्याने मला खुर्चीत बसून समजावले. पण त्याचा खरा अर्थ उमगला तो किसुमूच्या रस्त्यावर.

व्हिक्टोरिया सरोवर पाहिल्याशिवाय मी परतणार नव्हतो. किसुमू हे त्या सरोवराकाठचे गाव. मोंबासाहून निघालेली जुनी रेल्वे १९०१ साली तिथे पोहोचली. आपल्याकडून नेलेल्या बत्तीस हजारांच्या आसपास मजुरांनी तिच्यावर घाम गाळला, आणि त्यांतले अडीच हजार परत आले नाहीत. आम्ही मोटारीने निघालो. ड्रायव्हर किसुमूकडचाच, लुओ जमातीचा, पस्तिशीतला उंच माणूस. मला तो 'म्झे' म्हणे. म्हणजे वडीलधारे. मामाचा म्झे झालो, एवढी बढती मला पुरेशी होती.

नैरोबीतून तासाभरात रस्ता आठ हजार फुटांच्या सुमारास येतो, आणि एकदम पायाखालची जमीनच नाहीशी होते. खाली रिफ्ट व्हॅली! आपल्या खंडाळ्याच्या घाटातून कोकण दिसते, तसे. पण इथे कोकणाच्या पलीकडे पुन्हा दुसरा सह्याद्री उभा, आणि मधल्या सपाटीवर लाँगोनॉटचा थंड झालेला ज्वालामुखी तोंड वासून बसलेला. कड्यावरच्या दुकानांत मेंढीची कातडी आणि उनाच्या टोप्या टांगल्या होत्या. टोपी घेतली. पैसे? अर्थातच भाच्याच्या फोनवरून. माझ्या पाकिटातल्या नोटांना त्या देशात येऊन चार दिवस झाले तरी कोणी विचारले नव्हते.

वाटेत ड्रायव्हरने २००८ ची गोष्ट सांगितली. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर देशात दंगे पेटले, हजाराहून अधिक माणसे मारली गेली. हा तेव्हा शाळकरी मुलगा, किबेराच्या झोपडपट्टीत मावशीकडे राहणारा. रस्ते बंद, बँका बंद, घरात पीठ नाही. थिकाहून मोठ्या भावाने फोनात पैसे पाठवले. शेजारच्या गल्लीतला एजंट मागच्या दारातून, दिव्याशिवाय, अर्धा तास व्यवहार करी. "तो किकुयू होता, आम्ही लुओ," ड्रायव्हर म्हणाला. "पुढच्या चौकात त्याची आणि आमची माणसं एकमेकांना कापत होती. तो आकडे बघायचा आणि पैसे द्यायचा." एवढे बोलून तो पुढे बराच वेळ गप्प राहिला.

नाकुरू मागे पडले. माऊ समिटचा चढ चढत असताना त्याचा फोन वाजला. त्याने गाडी कडेला घेतली. लुओ भाषेतले मला काय कळणार? पण माणसाचा आवाज घाबरला की तो सगळ्या भाषांत सारखाच. धाकटी बहीण गावी बाळंतपणाला आलेली. रात्रीपासून अडली होती. सुईणीने हात टेकले. किसुमूच्या दवाखान्यात न्यायला टॅक्सीवाला दारात उभा होता, पण पेट्रोलला पैसे मिळाल्याशिवाय गाडी हलवायला तयार नव्हता. त्याला तीन हजार, औषधांना दोन. ड्रायव्हरच्या फोनात होते सहाशे.

मी पाकीट काढले. पाच हजारांच्या नोटा त्याच्या हातावर ठेवल्या. आणि त्या नोटा हातात धरून आम्ही तिघेही क्षणभर मूर्खासारखे उभे राहिलो. नोटा इथे, बहीण दीडशे किलोमीटरवर! भाचाच पाठवता, पण त्याच्या फोनाची बॅटरी घाटात माझी छायाचित्रे काढून काढून संपली होती, आणि गाडीत भरायची तार नैरोबीला राहिली होती.

चारेक किलोमीटरवर एक वस्ती लागली. पेट्रोलपंप, मक्याची कणसे भाजणाऱ्या बायका आणि एक हिरवी टपरी. आतली मुलगी म्हणाली, "माझ्याकडे फोनात तीन हजारच उरलेत." हा या धंद्यातला नेहमीचा पेच. शहरात आणि हमरस्त्यावर लोक नोटा भरतात, म्हणून एजंटच्या फोनातला पैसा संपतो; खेड्यात लोक काढतात, म्हणून नोटा संपतात. मग बिचारे एजंट दोहोंचा मेळ घालीत दिवसभर बँकेच्या खेपा घालतात. तिने तीन हजार भरून घेतले, आणि टपरीला कुलूप लावून उरलेल्या नोटांसह ड्रायव्हरला हाताला धरून रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या टपरीवर, म्हणजे आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे, घेऊन गेली. रॉकेलचा डबा घेऊन उभी असलेली म्हातारी आपण होऊन बाजूला झाली. दोन मिनिटांत काम झाले. ड्रायव्हरने गुप्त आकडा दाबला. बोटे थरथरत होती, पहिल्यांदा आकडा चुकला, दुसऱ्यांदा जमला. टॅक्सीवाल्याचे नाव पडद्यावर उमटले. मिनिटभरात पलीकडून फोन आला: गाडी निघाली.

केरिचोचे चहाचे मळे जगात प्रसिद्ध आहेत म्हणे. मी ते पाहिले, पण हिरव्या रंगापलीकडे काही आठवत नाही. अहेरोजवळ भाताची खाचरे लागली तेव्हा ड्रायव्हर प्रथमच माझ्याकडे वळून हसला. मुलगा झाला होता. पोट चिरावे लागले. आई शुद्धीवर होती.

दुसऱ्या दिवशी डुंगाच्या किनाऱ्यावर मासे खात बसलो असताना त्याने मला आपला फोन दाखवला. रात्रभरात संदेशांची रांग लागली होती. मामेभाऊ, मोंबासा, पाचशे. शाळेतला मित्र, दोनशे. चर्चमधली कोणी बाई, पन्नास. तिकडे याला 'हरांबे' म्हणतात, सगळ्यांनी मिळून ओढायचे. पूर्वी त्यासाठी सभा भरवावी लागे. तो एकेक नाव वाचून कोण कुणाचा कोण ते सांगत होता. लग्नातल्या आहेराची वही आपल्या आजीने जपून ठेवावी, तसे हे सारे संदेश तो जपणार होता. प्रत्येकाला कधी ना कधी परत द्यायचेच होते.

त्याच रांगेत अधूनमधून दुसऱ्या जातीचे संदेश होते, आणि त्यांवरून तो बोट पटकन पुढे सरकवीत होता. मी विचारले. आधी टाळाटाळ केली, मग सांगितले. मोबाईलवरून मिळणारे कर्ज. तारण नको, जामीन नको, बटण दाबले की दोन मिनिटांत पैसे. फुटबॉलच्या सामन्यांवर पैजा लावायच्या नादाने दोन ठिकाणी घेतले होते, आणि ज्या महिन्यात बहिणीला गरज पडली, त्याच महिन्यात पगाराचा निम्मा भाग तिकडे गेला होता. सहाशे शिलिंगांचे कारण हे! २०१२ नंतर अशी कर्जे निघाली आणि आता त्यांचे पेव फुटले आहे. माझ्या मते या सगळ्या सोयीतला विषाचा थेंब हाच. पूर्वी सावकाराच्या ओट्यावर जायला माणूस लाजे, चार दिवस विचार करी. ही लाज वाचवली, तिने किती घरे बुडवली असतील?

भाचा मात्र दुसरी बाजू मांडू लागला. टावनीत सूरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे पाहणी करून २०१६ साली निष्कर्ष काढला की, एम-पेसामुळे केनियातली १,९४,००० कुटुंबे दारिद्र्यातून वर आली, आणि त्यांतही बायकांच्या हाती संसार असलेली घरे अधिक. १,८५,००० बायकांनी शेतातली राबणूक सोडून छोटा धंदा धरला. शिवाय २०२० साली साथीच्या दिवसांत हजार शिलिंगांच्या आतली रक्कम पाठवायला कित्येक महिने शुल्क लागत नव्हते. एरवी शुल्क पडते, आणि ते गरिबाला बोचते. बाजारातला सिंहाचा वाटा एकाच कंपनीकडे असल्यावर ते कमी कोण करणार? आपल्या यू.पी.आय.मध्ये बँका अनेक, फोनवरची ॲप्स अनेक, आणि पाठवणाऱ्याला शुल्क नाही. हेच एम-पेसा २०१३ साली आपल्याकडेही आले होते. इथे त्याचे बस्तान बसले नाही, २०१९ साली गाशा गुंडाळावा लागला. आपल्याकडे तोवर गरिबांचीही बँकेत खाती निघाली होती. आफ्रिकेला गेलेला पैसा माहेरपणाला आला आणि सहा वर्षांत परत गेला, असे मी म्हटले. भाचा हसला नाही. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसांशी विनोद करण्यात अर्थ नसतो.

त्या पाच हजारांचे म्हणाल, तर मी ड्रायव्हरला सांगितले होते की, बाळासाठी राहू देत. तो म्हणाला, "म्झे, बाळाला भेट द्या, ती मी घेईन. हे उसने आहेत." मी मुंबईला परतलो. त्यानंतर दर शनिवारी भाच्याच्या फोनात पाचशे शिलिंग येऊ लागले आणि भाचा त्या संदेशाचे चित्र मला पाठवू लागला. एका शनिवारी दोनशेच आले, पुढच्या शनिवारी आठशे. गणपतीत दहावा हप्ता येऊन पोहोचला. खाली इंग्रजीत दोन शब्द होते: बाकी शून्य.

आता राहिली भेट. आमच्या सौ.ने बाळासाठी मऊ धोतराच्या चार दुपट्यांसह एक अंगडे आणि लाल गोंड्याचे टोपडे शिवून ठेवले आहे. किसुमूला फार थंडी नसते हे मी सांगून पाहिले, पण बाळाचे कान उघडे राहता कामा नयेत, यावर तिचा निकाल पक्का आहे. टोपडे काही फोनातून जात नाही. दिवाळीनंतर वाचकांपैकी कोणी नैरोबीला जाणार असेल तर कृपा करून कळवावे; पुडके लहान आहे, वजन पाव किलोच्या आत भरेल.